विहिरीची राहिलेली ओटी

भोर, मंगळवार, संध्याकाळ

आमची क्रूझ वाटेत एका बेटापाशी एकच दिवस थांबणार. नऊला किनाऱ्यावर उतरायचं, परतीची शेवटची बोट चारला. ह्यांनी सगळा बेत कागदावर मांडलाय, पण माझं डोकं त्या खणातच अडकलंय.

दुपारी पानशेतहून ह्यांच्या आत्या आल्या. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. निघताना गावच्या विहिरीची ओटी भरायची राहिली, हे त्या अजून बोलून दाखवतात. मला नारळ आणि हिरवा खण दिला. "तितं बी विहीर आसंल, तिची भर. पाण्यावर रिकाम्या हातानं जायचं न्हाई." देवापुढे ठेवताना उदबत्ती लागली आणि खणाच्या काठाला भोक पडलं. "आसू दे, चालतंय," म्हणाल्या.

भर समुद्रात कसली आलीय विहीर? म्हणून आत्ता मोबाईलवर बेटाचे फोटो शोधून बघितले. माडांमागे विहीर आहे. कठड्यावर नारळ, हिरवा खण. मोठा करून पाहिला. काठाला भोक. तिथंच, तेवढंच.

फोटो कुणीतरी मागच्या वर्षी टाकलाय. खण माझ्या मांडीवर आहे. भोकाला अजून जळका वास येतोय.