मावशीच्या घराचे नवे कान

४ मार्च

मावशीकडे पोचले. दोन दिवस राहायचं, मग पुढे. पुढे कुठे ते ठरलं नाही — ठरेल.

दार उघडून तिने आधी माझे बूट पाहिले, मग मला. "जेवलीस?" एवढंच! कळवलं नव्हतं, कित्येक महिन्यांत फोन नव्हता, त्याबद्दल चकार शब्द नाही. असं दार मिळायला नशीब लागतं.

बसायला गेले तर "थांब!" म्हणून ओरडली. खुर्चीला बूडच नव्हतं. विसरलेच होते मी — मावशी वेताच्या खुर्च्या विणते. लोकांच्या फाटक्या खुर्च्या येतात, धड होऊन परत जातात. घरभर नुसत्या चौकटी. बसण्याआधी हाताने चाचपायचं, हा इथला पहिला नियम.

कान मात्र तिचे आणखी गेलेत. कानातली यंत्रं लावली की थोडं ऐकते, बाकीचं ओठांवरून ओळखते. झोपताना यंत्रं काढली की मग ढोल वाजवा नाहीतर ताट आपटा, सारखंच.

५ मार्च

दादा आला होता — मावशीचा मुलगा. आल्या आल्या भांडण. मला वाटलं माझ्यावरून असणार. सवय आहे! पण नाही, छतावरून निघालं.

झालं असं की गेल्या महिन्यात शेगडीवर दूध ठेवून मावशी मागच्या खोलीत विणत बसली. यंत्रं टेबलावर. शेगडीजवळचं फडकं पेटलं. पॅसेजमध्ये बॅटरीवरचा एक स्वस्तातला धुराचा अलार्म आहे, तो बोंबलून बोंबलून थकला. शेवटी शेजारीण मागच्या दाराने आत शिरली, पाण्याने फडकं विझवलं आणि मावशीच्या खांद्याला हात लावला.

"तेव्हा कुठे हिने मान वर केली," दादा सांगत होता. "आणि विचारते काय, तर — अगं, तू ओली कशाने झालीस?"

मला फिसकन हसू आलं. दादाला नाही आलं.

त्याची अट अशी: महिना संपायच्या आत घरभर वायरिंगवाले अलार्म हवेत. एक वाजला की सगळे वाजणारे. आणि यंत्रं काढून झोपलेल्या मावशीला उठवणारे. "नाहीतर माझ्याकडे यायचं. चौथ्या मजल्यावर."

"खुर्च्या कुठे ठेवू तिथे? तुझ्या डोक्यावर?"

"खुर्च्या बंद, आई."

मावशीने शांतपणे कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवली. तिचं बोलणं संपलं की ती असं करते. तोंडावर दार लावून घेतल्यासारखं.

मी म्हटलं, अलार्म लागेपर्यंत मी थांबते, रात्री मी ऐकेन. "तू?" दादा म्हणाला. जिभेवर आलं होतं काहीतरी. पण त्याचे डोळे लाल होते. जाताना दारात म्हणाला, "त्या दिवसापासून धड झोप नाही गं मला. फोन उशाशी घेऊन पडतो."

७ मार्च

इलेक्ट्रिशियन आल्या. बाई! खांद्यावर घडीची शिडी, कमरेला पट्टा, पट्ट्यात टेस्टर. दादाने मुद्दाम लायसन्सवाल्या शोधल्या. "छताला भोक पाडणं कुणीही करेल," म्हणाला, "मेन बोर्डाला हात लावणारा माणूस परवान्याचा हवा."

बाईंनी आल्या आल्या बैठक मारली आणि सरळ चौकटीतून खाली! पाय वर, पट्टा अडकलेला. मावशी आणि मी दोन बाजूंनी ओढतोय आणि तिघीही हसतोय. उठल्यावर म्हणाल्या, "काकू, अलार्मच्या आधी या खुर्चीवर पाटी लावा."

मग घर फिरल्या, खडूने छतावर खुणा करत. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, पॅसेजमध्ये एक. भिंतीला चिकटून नाही — कोपऱ्यात धूर उशिरा पोचतो. पंख्याजवळ नाही. न्हाणीच्या दाराशी नाही, वाफेने उगाच ओरडतो. स्वयंपाकघरात आणि विणायच्या खोलीत धुराचा नकोच, फोडणीने आणि वेताच्या भुशाने रोज बोंब मारेल. तिथे उष्णतेवर वाजणारा. आणि गॅसच्या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. त्या वायूला ना वास ना रंग, माणसाला वाटतं डोकं जड झालंय, जरा पडावं — आणि उठतच नाही.

मला आठवलं, होडीवर काम करत होते तेव्हा खालच्या केबिनमध्ये असं डोकं जड व्हायचं. तिथला खलाशी मला आळशी म्हणायचा. तो एक मजेशीर होता, एका हाताने — जाऊ दे. नंतर लिहीन.

मावशी बाईंच्या ओठांकडे टक लावून होती. शेवटी एकच विचारलं, "हे सगळं लागलं तर मी इथे राहीन ना?"

बाई म्हणाल्या, "ते तुमच्या मुलाला विचारा, काकू. मी फक्त छताचं सांगते."

८ मार्च

आज अलार्मचं काही नाही. वेत भिजवायला शिकले. बोटं म्हाताऱ्या माणसासारखी सुरकुतली. मजा!

१० मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

बाईंनी सकाळी अलार्म लागणार त्या लाइनचा खटका बोर्डावर पाडला. टेस्टर आधी चालू प्लगला लावून बघितला — टेस्टरच मेलेला असेल तर? — मग छतातल्या तारांना. वीज नाही. मला म्हणाल्या, "इथून हलायचं नाही. या खटक्याला कुणाला बोट लावू द्यायचं नाही." मावशीने यंत्रं काढून ठेवली होती, ड्रिलचा आवाज त्यांतून डोक्यात घुसतो म्हणे.

मी उभी राहिले. खरंच राहिले! मग रस्त्यावर आरडाओरडा झाला. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक कपाट दोरीने खिडकीतून वर चढवत होते. मध्येच ते गोल फिरायला लागलं, दार उघडं, आतून कुणाचे तरी मोजे पडतायत. बघता बघता मी गेटपाशी.

परत वळले तर मावशी बोर्डासमोर. विजेची किटली चालत नाही म्हणून खटका वर करत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मावशी, नको!" ती पाठमोरी. तिला काय ऐकू येणार! टक्. वर.

पॅसेजमध्ये धावले. बाई शिडीवर, एका हातात टेस्टर, दुसरा हात मांडीवर. टेस्टरमधला दिवा पेटलेला.

"हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी बघते," म्हणाल्या. चेहरा पांढरा. "एकदा बघितलंय म्हणून सोडत नाही."

मी रडायला लागले. त्या खाली उतरल्या, पाणी प्यायल्या, मग मला दिलं. "खटक्याला लावायचं छोटं कुलूप असतं. ते माझ्या गाडीत राहिलं. आळस केला मी. माणसाला पहाऱ्याला उभं करायचं नसतं, माणूस इकडेतिकडे बघणारच." गेल्या, कुलूप आणलं, लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग परत टेस्टर लावून बघितला.

मावशीला सगळं सांगितलं तेव्हा ती मटकन बसली — सुदैवाने विणलेल्या खुर्चीवर. नंतर तिने बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक बोट चाचपून बघितलं.

मला ना ती रागावली, ना बाई. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ मार्च

बाई आज परत येतील की नाही याची धाकधूक होती. आल्या! आणि मला म्हणाल्या, "चल, शिडी धर." ज्यांचा जीव माझ्यामुळे जात होता त्यांनी शिडी मलाच धरायला दिली. दिवसभर तिकडून नजर हलवली नाही. बाहेर हत्ती नाचला असता तरी नाही.

१३ मार्च

सगळे लागले. तीन तारांची गंमत कळली — दोन विजेच्या, तिसरी एकमेकांशी बोलायची. एकाला धूर लागला की तिसऱ्या तारेवरून सगळ्यांना कळतं. वीज गेली तरी आत बॅटरी. मावशीच्या पलंगाशी डोळे दिपवणारा दिवा, आणि उशीखाली ठेवायची, अलार्म वाजला की थरथरणारी चपटी चकती. हातात धरली तर दात वाजले माझे!

बाईंनी बटण दाबलं. बाप रे! समोरच्या बिल्डिंगमधून माणसं डोकावली. मी टाळ्या वाजवल्या, बाईंनी नाही वाजवल्या. पॅसेजमधल्या अलार्मकडे बोट केलं. त्याच्यावरची धूळ अडवायची नारिंगी टोपी तशीच होती. काढायचं काम माझं होतं. "बटणाने भोंगा वाजतो गं. धूर आत जाईल की नाही ते बटणाला काय माहीत!" टोपी काढली, मग चाचणीच्या फवाऱ्याने खोटा धूर सोडून एकेक तपासला.

तीनदा-तीनदा वाजला तर धूर. चारदा-चारदा वाजला तर तो बिनवासाचा वायू. दोन्हीला एकच काम: बाहेर पडायचं. कारण शोधत बसायचं नाही, फोन बाहेर जाऊन करायचा. मावशीने हे माझ्याकडून पाठ म्हणून घेतलं आणि स्वतःही म्हटलं.

दादा रविवारी येणार. न सांगता बटण दाबून बघणार.

१६ मार्च

मेलो आम्ही.

दुपारी मावशी यंत्रं काढून झोपली. दादाने पॅसेजमधलं बटण दाबलं. घर दणाणलं. आम्ही दोघं तिच्या दाराकडे बघतोय. दार बंद. बंदच. दादाने शेवटी दार ढकललं. दिवा लखलखतोय आणि मावशी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपलेली. चकती? कपाटात! रुमालात गुंडाळलेली, खड्डड खड्डड करत कपाट हलवतेय.

"टोचत होती उशीखाली," उठल्यावर म्हणाली.

दादा ओरडला असता तर ती भांडली असती. तो पलंगाच्या कडेला बसला आणि तोंड झाकून घेतलं. "आई, मी पाच मिनिटांच्या अंतरावर राहत नाही गं. मला कळेपर्यंत..." तिने त्याचे हात तोंडावरून बाजूला केले. लाडाने नव्हे — हात मध्ये आले की तिला ओठ दिसत नाहीत. मग म्हणाली, "परत सांग." त्याने परत सांगितलं. सगळं.

"अजून एकदा बघ," मावशी म्हणाली. "एकदाच. मग म्हणशील तिथे येईन."

१७ मार्च

मावशीने गादीला खालून जाड कापडाचा खिसा शिवला. खुर्च्यांच्या मोठ्या सुईने, दुहेरी दोऱ्याने. चकती आत घालून तोंडही शिवून टाकलं, वायरीपुरती फट ठेवून. "आता मला पण नाही काढता येणार," म्हणाली. "माझा माझ्यावर भरवसा नाही."

बाईंनी येऊन बघितलं, वायर कुठे दबत नाही ना ते तपासलं, आणि शिवणीकडे बघून म्हणाल्या, "काकू, माझ्या जावयाला पण असंच शिवून ठेवा."

१९ मार्च

नीट खातेय. नीट झोपतेय. दोन दिवसांची गोष्ट होती ना? पुढच्या रविवारपर्यंत तरी हलता येत नाही. माझीच परीक्षा असल्यासारखं वाटतंय.

२३ मार्च

लिहितानाही हसतेय!

दादाने आज किती वाजता येणार ते मलाही सांगितलं नव्हतं. दुपारी आला, दबकत. बटण दाबलं. दणदणाट. मी डोळे मिटून घेतले.

दार धाडकन उघडलं. मावशी! केस मोकळे, एका पायात चप्पल. आमच्याकडे बघितलं, माझं मनगट धरलं, दादाची कॉलर धरली, आणि दोघांना फरफटत पुढच्या दारातून थेट रस्त्यावर. आम्ही "अगं चाचणी, चाचणी!" म्हणतोय. ऐकू कुठे येतंय तिला!

रस्त्यावर उभं करून आम्हाला झापलं. "आग लागलीय आणि दोघं बघत काय उभे राहता, मूर्खांनो? पाठ काय करून घेतलं होतं? बाहेर पडायचं!"

समोरचे सगळे गॅलरीत. दादा हसता हसता रडायला लागला. मग तिच्यासमोर नीट उभा राहिला, तिला ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणाला, "राहा. तुझ्या घरात, तुझ्या खुर्च्यांत."

"परत सांग."

"राहा, आई."

"एकदा ऐकलं होतं मी," मावशी म्हणाली. "परत ऐकायचं होतं."

बाईंना लगेच कळवलं. त्यांचं उत्तर: "छान. महिन्याला एकदा बटण दाबा." वर आणखी काही नाही. देवमाणूस आहे ती बाई.

२७ मार्च

मावशी गेली. दादाकडे, चौथ्या मजल्यावर! सकाळी तिची तिनेच पिशवी भरली. मी आ वासून उभी. "इतकी वर्षं एक रात्र बाहेर काढली नाही," म्हणाली, "गेले असते तर परत येऊ दिलं नसतं त्याने. आता जाते की! नातीला बघते. त्यालाही चार दिवस झोपू दे." किल्ली माझ्या हातात, भिजत घातलेला वेत माझ्या गळ्यात.

गेटपर्यंत गेले तिच्यामागे आणि तिच्यासमोर जाऊन विचारलं, "कधी येशील परत?" लहानपणापासून हे मलाच सगळे विचारत आलेत. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तिने माझ्या ओठांकडे बघितलं, हसली.

"बघू," म्हणाली.