खोडकिड्याची मादी

१ सप्टेंबर १९६४
वही आणून पाच महिने झाले. लिहायचं राहिलं, कारण चांगलं पेन नव्हतं. पेन मिळालं, मग शाई नव्हती. आता रोज.
आज तळा गावाहून शेतकीचे साहेब इथे आले. आमच्यातलेच, माझ्याच वयाचे. कामाशिवाय छंद नाही, बिचारे. म्हणाले, भाताच्या खोडकिड्याची मादी पाकोळी, म्हणजे पतंगच, अंगाच्या वासाने नर बोलावते. तिला पिंजऱ्यात टांगायची, खाली परातीत पाणी अन् रॉकेल. नर बुडतात. रोज मोजले की किडीचा जोर कळतो.
भाषणाचा शेवट राहिला. चहाचं बघायला उठलो होतो.
बुधाजीमामांना म्हटलं, तुमच्या भाताचा वरचा तुकडा मी सांभाळतो. मामा म्हणाले, चांग्या, आजवर एक तरी काम कडेला नेलंस? हे ने, मग राहीचं बघू.
म्हणजे मामांच्या लेकीशी माझं लग्न ठरलंच.

४ सप्टेंबर
पिंजरा टांगला. आत सहा पाकोळ्या. उद्या ढीग.

९ सप्टेंबर
एकही नाही. वारा उलटा आहे.
राही पिंजऱ्यात डोकावून हसत सुटली. म्हणाली, आरं, समदे नरच भरलेस! मादी पिवळी, पंखावर काळा ठिपका. साहेबांनी शेवटाला सांगितलं, तवा तू कुठं व्हतास?
म्हटलं, मुद्दामच. आधी नरांचा अभ्यास.

१० सप्टेंबर
पिंजऱ्याला बारीक जाळी हवी. बोर्ली पंचतनच्या बाजारात जातो. संध्याकाळी परत.

१४ सप्टेंबर, मुरूड
दिघीला लाँच सुटत होती. बसलो. इथे एक बँडवाला क्लॅरिनेट शिकवतो. लग्नात उपयोगी पडेल. परातीत पाणी घालायचं कुणाला सांगितलं नाही. पाऊस आहेच.

२६ सप्टेंबर
परतलो. क्लॅरिनेटचा 'सा' जवळजवळ येतो. जाळी राहिली.
खोडकिडा लागला की लोंबी पांढरी, पोचट होते; वरच्या तुकड्यात तशी औषधालाही नाही! माझी पद्धत यशस्वी. राही रोज मादी बदलते, बुडालेले नर मोजून भिंतीवर कोळशाने आकडा लिहिते. मदतनीस म्हणून बरी. साहेब आकडे बघायला दर तिसऱ्या दिवशी येतात म्हणे. म्हणजे माझं काम सरकारपर्यंत गेलं.
उद्या मामांकडे लग्नाच्या तारखेचं काढतो.

२७ सप्टेंबर, सकाळी दहा
काढलं. मामा म्हणाले, काम कडेला कुणी नेलं ते भिंतीवर लिवलंय. वाचता येतंय ना?
म्हटलं, मामा, डोकं माझं होतं. मामा म्हणाले, व्हय, मुरूडला होतं.
दाराशी जीप थांबली. साहेबच. आकड्यांसाठी असणार. आज मीच समजावून सांगतो.
रविवारी कसे आले?
बरोबर त्यांची आई आहे. हातात नारळ.