ओळखीचा अंगठा

बडी बहनजी,

तुमच्या मिडल स्कूलात घंटा वाजवणाऱ्या द्वारकेचा दंडवत. तुम्ही गेलात देवाघरी, तिथे पोस्टमन जात नाही. तरी सूनबाईला लिहायला बसवलंय. मला अजून अक्षर येत नाही.

सूनबाई म्हणजे तीच बकुळ, सातवीत शाळेच्या भिंतीवरून उडी मारून जत्रेला पळालेली. तुम्ही मला चिठ्ठी देऊन तिच्या घरी धाडलंत. पालकाची सही नाहीतर अंगठा आला नाही, तर नाव कटणार होतं. पण चिठ्ठी बापाच्या हाती पडती, तर त्याने शाळा सोडवून तिला उजवून टाकली असती. मी बडा बाजारातूनच परत फिरले आणि तिच्या आईचा म्हणून माझाच अंगठा उठवून दिला. तुम्ही चिठ्ठी बघितलीत आणि म्हणालात, "ठीक है द्वारका, जाओ, घंटी दो."

तेव्हापासून तीस वर्षं धाकात काढली. वर गेल्यावर तुम्ही पहिलं हेच विचाराल, असं वाटायचं.

आता त्याच शाळेत मुलींची शिस्त बकुळच बघते, अन् भिंतीपाशी स्वतः उभी राहते! काल तिला कपाटात जुनी शिक्षेची वही सापडली. माझ्या अंगठ्याची ती चिठ्ठी तिच्यात चिकटवलेली, खाली तुमचं अक्षर: "अँगूठा द्वारका का है, कटे का निशान पहचानती हूँ। लड़की को बैठने दो।"

अंगठ्यावरच्या विळीच्या वणानं घात केला म्हणायचा! पण बहनजी, एका शब्दानं सांगायचं तरी होतंत. फुकट घाबरले की हो.

बकुळ रडतेय, शाई पसरतेय. मला काय, मला कुठे वाचायचंय. हे पत्र त्याच वहीत चिकटवते म्हणते, आणि खाली सही मागतेय.

घ्या, तुमच्या ओळखीचाच अंगठा.