कर्नलसाहेबांनी तब्येत विचारली

३ एप्रिल १८८३
प्रिट्झो मेजर झाला. प्रिट्झो! तलवार कुठल्या टोकाने धरायची हे ज्याला मी शिकवलं, तो! बर्लिनच्या कचेरीत कुणा कारकुनाला यादी करताना डुलकी लागली असणार. चूक दुरुस्त होईपर्यंत शांत राहायचं ठरवलं आहे. सकाळच्या कवायतीत दोघांना कोठडीत टाकलं. जरा बरं वाटलं.

४ एप्रिल
मेसमध्ये सगळे माझ्याकडे चोरून बघतात. का ते मला ठाऊक आहे. आपल्या फौजेचा रिवाजच आहे, धाकटा डोक्यावरून मेजर झाला की थोरल्या कप्तानाने तब्येतीचं निमित्त काढून अर्ज द्यायचा आणि घरी बसायचं. तोंडाने कुणी ‘जा’ म्हणत नाही. कर्नल फक्त तब्येत विचारतात. गेल्या साली म्हाताऱ्या क्रेमरला किती वेळा विचारली, तरी त्या गाढवाच्या डोक्यात प्रकाश पडेना! ‘पोट साफ आहे, साहेब’ म्हणून सांगायचा. हसून हसून आमची मुरकुंडी वळली होती.
पण तो क्रेमर. मी फॉन श्टुबनाऊ. सत्तरच्या लढाईत वाटाण्याच्या सॉसेजची अख्खी कोठी मी राखली. फ्रेंचांच्या हाती एक सॉसेज लागू दिलं नाही. ते त्या बाजूला फिरकलेच नाहीत, हा माझा दोष नव्हे.

९ एप्रिल
परेड संपल्यावर कर्नल फॉन वेंडहोर्स्ट घोडा वळवून खास माझ्यापाशी आले. म्हणाले, “काय श्टुबनाऊ, तब्येत कशी आहे?”
किती आपुलकी! बरोबरच आहे, मेजर करायच्या आधी माणूस धडधाकट आहे ना, हे बघायला नको? “ठणठणीत, साहेब!” असा ओरडलो की त्यांचा घोडा बुजला. साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. सुटकेचाच असणार.
घरी बायकोला सांगितलं तर अडेलहाइडच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला. बाईमाणसाला आनंद पचत नाही.

१० एप्रिल
निश्चय: रोज पहाटे नदीत पोहणे. बिअर बंद.

११ एप्रिल
पाणी मूर्खासारखं गार. सर्दी झाली असती तर तब्येतीचाच प्रश्न आला असता, म्हणून ब्रँडी घेतली. ब्रँडी म्हणजे बिअर नव्हे.

२० एप्रिल
आज मेसमध्ये सगळ्यांसमक्ष पुन्हा विचारलं. वर म्हणाले, “कार्ल्सबादचं पाणी फार गुणकारी. जरा लांबची रजा घ्या. वहिनींनाही बरं वाटेल.”
माझं डोकं फिरलं. मी आजारी आहे ही आवई कुणी उठवली? प्रिट्झोनेच! त्याच्याशिवाय कुणाला फायदा? तिथल्या तिथे लेफ्टनंटसकट खुर्ची एका हाताने उचलून दाखवली. लेफ्टनंट पडला. खुर्ची नाही पडली. कर्नलसाहेब बराच वेळ छताकडे बघत होते.

२ मे
रेजिमेंटचा डॉक्टर घरी आला. म्हणे सहज आलो. सहज येतो आणि पिशवी घेऊन येतो! गुडघ्यावर हातोडी मारून विचारतो, “गुडघा काय म्हणतो, कप्तानसाहेब?” मी म्हटलं, “तुम्हाला लाथ मारू का, असं म्हणतो.”
तो गेल्यावर अडेलहाइडने तोंड सोडलं. “अहो, क्रेमरना विचारायचे तेच तुम्हाला विचारताहेत! सगळ्या गावाला कळलंय. पाववाली मला विचारते, बाईसाहेब, आता कुठे राहायला जाणार? एक तुम्हालाच कळू नये?”
मी म्हटलं, फौजेतलं पाववालीला काय कळतं? रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो. कोबी गार झाला होता. त्याचाही राग आला.

१४ मे
आज जनरलसाहेबांची तपासणी. बेत पक्का होता: कंपनीच्या पुढे घोडा भरधाव सोडून सगळ्यांदेखत खंदक ओलांडायचा. सगळ्यांची तोंडं कायमची बंद.
घोडा खंदकाच्या काठावर थांबला. मी थांबलो नाही.
जनरलसाहेब स्वतः जवळ आले, वाकले आणि म्हणाले, “फार लागलं का हो?” प्रत्यक्ष जनरलने तब्येत विचारली! अख्ख्या रेजिमेंटमध्ये हा मान कुणाला मिळाला आहे?
कुणीही हसलं नाही. त्याचीच मला भयंकर चीड आली. क्रेमरला आम्ही निदान हसलो तरी होतो.

१५ मे
प्रिट्झो आला. एकटाच, हेल्मेट काखेत धरून. दारातच उभा राहिला. “साहेब, तुम्ही मला शिकवलंत म्हणून सांगतो. अर्ज द्या. नाहीतर ते काढून टाकतील आणि मग अंगावरचा गणवेशही जाईल.”
मी त्याला हाकलून दिलं. काय काय बोललो ते आठवत नाही. तो गेल्यावरही बंद दाराशी बोलत होतो.
मग डाव सुचला. अर्ज द्यायचाच! बर्लिनला खुद्द कैसर महाराज तो वाचतील, नाव बघतील, म्हणतील, ‘श्टुबनाऊ? कोठी राखणारा? कदापि नाही!’ आणि टराटरा फाडतील. प्रिट्झोचं थोबाड बघण्यासारखं होईल. अर्ज दिला. कारण: तब्येत.

२ जून
मंजूर. इतक्या लवकर बर्लिनहून आजवर मोजेसुद्धा आले नाहीत.
पण जाता जाता मेजर हा किताब दिला आहे. मेजर फॉन श्टुबनाऊ! शेवटी चूक दुरुस्त झाली म्हणायची. गणवेश घालायचीही परवानगी आहे. फक्त पलटण नाही. घोडा प्रिट्झोने घेतला. मेल्याला खंदकसुद्धा ओलांडता येत नाही. घोड्याला, म्हणजे.

१७ जून, रविवार
माझ्या दिमतीचा शिपाई-नोकर रेजिमेंटने परत नेला. बुटांना पॉलिश स्वतः केलं. एकच बूट चमकला.
चर्चमधून बाहेर पडलो तर चौकात कर्नलसाहेब. टोपीला हात लावून म्हणाले, “काय मेजर, तब्येत कशी आहे?”
‘ठणठणीत’ तोंडात आलंच होतं. मग लक्षात आलं, आता या प्रश्नात काहीच नाही. नुसतीच तब्येत विचारली होती. म्हणून पहिल्यांदाच खरं सांगितलं. म्हटलं, गुडघा दुखतो, साहेब, त्या खंदकापासून. झोप लागत नाही. पहाटे बिगूल वाजला की मी उठून बूट घालतो आणि मग बूट घालून बसून राहतो.
मान वर केली तेव्हा साहेब चौकाच्या पलीकडे पोचले होते.