पाठीवरचे वळ मूळ आकारात

चि. योगेंद्र यास,

प्रतिभाला घेऊन मी इच्छापूरला तिच्या माहेरी निघाले आहे. वाटेत पोलीस ठाण्यात तक्रार देणार आहे.

तिच्या पाठीचे आणि फुटलेल्या कपाळाचे फोटो काल दवाखान्यात काढून घेतले. ते तुझ्या कॉम्प्युटरवर ठेवले आहेत. आपल्या बागेतून जाणाऱ्या केळीच्या गाड्यांचे फोटो पाहता यावेत म्हणून तूच मला ते शिकवले होतेस.

पडद्यात मावावा म्हणून फोटो लहान करून दाखवण्याची सेटिंग मी बंद केली आहे. शेजारच्या मालूबाईंना तू म्हणालास, "थोडंसं खरचटलं, काकू." आता प्रत्येक वळ मूळ आकारात दिसेल. पुढचा फोटो आपोआप येणार नाही, बटण तुलाच दाबावे लागेल. ज्या हाताने मारलेस, त्याच हाताने दाब. पुसून टाकायचे असल्यास खुशाल टाक, प्रती तिच्या भावाकडे पोचल्या आहेत.

भाकरी आणि वरण झाकून ठेवले आहे. उपाशी जाऊ नकोस.

पोलीस आले की निमूट दार उघड. आतून लावायला अडसर उरलेला नाही, तो तू तिच्या पाठीवर मोडलास.

आई