मुदत नसलेलं टोकन

सोमवार, ३ जून

‘आवाज ओळखू आल्याशिवाय कडी काढायची नाही हं, चिमे,’ असं ताई मला बजावायची. आई-बाबा कामावर, मी घरात एकटी. मग शाळेतून आली की दाराबाहेरून मुद्दाम आवाज बदलून तीच मला फसवायची. फसले की टपली.

आज नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते आठवलं. आमचं ॲप रुग्णालयातल्या माणसांचे निरोप घरी पोचवतं. गेल्या वर्षी ताईचे निरोपही यातूनच यायचे, अगदी शेवटपर्यंत. खिडकीजवळची जागा मिळाली, शेजारी टवटवीत कुंडी. आमच्या प्रमुखाला सगळे कुलूपवाला म्हणतात. तो म्हणाला, बाहेरून येणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, इथला चहासुद्धा हुंगून प्यायचा. कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

बुधवार, ५ जून

कुलूपवाल्यानं काम समजावलं. रुग्णानं एकदा पासवर्ड दिला की सर्व्हर त्याला टोकन देतो, अक्षरांची लांबलचक माळ. पुढे प्रत्येक निरोपासोबत ते टोकन येतं. सर्व्हर माणूस बघत नाही, टोकन बघतो. टोकन ज्याच्या हाती, तोच तो रुग्ण. त्याला मुदत हवी खरी. पण आजारी माणसाला सारखा पासवर्ड काय विचारायचा, म्हणून इथे कुणीतरी दयेपोटी मुदतच घातली नव्हती. ती चूक कुलूपवाला निस्तरतोय. पुढच्या बुधवारी जुनी टोकनं रद्द.

माझ्याकडे निरोपाचा मजकूर तपासणारे नियम. रिकामा नको, फार लांब नको, भलतीसलती चिन्हं नकोत. दुपारीच सर्व्हरवर चढवले.

शुक्रवार, ७ जून

नाकारलेल्या निरोपांची नोंद पाहत होते. त्यात मजकूर राहत नाही. फक्त खातं आणि कारण. एकाच खात्यावरून सारखं तेच. मजकूर रिकामा. मजकूर रिकामा. खातं उघडलं.

ताई.

तिचा फोन माझ्या कपाटात आहे. घरी येऊन हातात घेतला. बंद, थंडगार. निघताना कुलूपवाल्याला सांगितलं, खातं माझ्या गेलेल्या बहिणीचं आहे; तो म्हणाला, कुणीतरी टोकन चोरलं असेल, मनाला लावून घेऊ नका. पण चोर रिकामा निरोप कशाला पाठवेल?

सोमवार, १० जून

कारण बदललंय. आता भलती चिन्हं. मग फार लांब. कुणीतरी बोलायला शिकतंय आणि माझ्याच नियमांना अडखळतंय. शेवटी शेवटी ताईलाही शब्द जुळवता येत नव्हते. मी तिच्या तोंडावर दार लावून बसलेय का?

मंगळवार, ११ जून

नियम काढले. तिच्या खात्यापुरतेच. कुणाला सांगितलं नाही.

लगेच माझ्या फोनवर निरोप. कडी काढ.

ढसाढसा रडले. लिहिलं, दुखतंय का गं अजून? उत्तर तेच. कडी काढ. कोण आहे, विचारलं. ताई, असं आलं. आणि पुढे माझं नाव, आडनावासकट, कार्यालयाच्या यादीत आहे तसं. ‘चिमे’ ती फक्त तोंडानं म्हणायची, कुठे लिहिलं नव्हतं. पण आडनावासकट? ताई मला असं कधीच—

बुधवार, १२ जून

कुलूपवाल्याच्या विनवण्या केल्या, एवढं एक टोकन ठेवा. तो म्हणाला, ते कालच रद्द केलं, सगळ्यांच्या आधी. तुमच्यासाठीच.

फोन गप्प आहे.

दारावर थाप—

ताईचा आवाज. खोकल्यासकट, हुबेहूब. आडनावासकट हाक मारतेय. ती नाही. कळतंय मला, ती नाही. पण आवाज तर—

हात कडीवर गेलाय. दाराला गाल लावून सांगितलं, एकदाच चिमे म्हण. म्हणणार नाहीस, माहीत आहे. तरी म्हण ना गं. फक्त एकदा, मग मी—