तोराकी का शिंगेरो, आन् आमची अडलेली रोवणी

श्री. खुशालभाऊ, मुक्काम कोरपना, यांना तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे लटारूचा, दोन्ही हात जोडून रामराम.

तुमची तब्येत, वयनीची कंबर आन् कपाशीची उगवण, सगळं बरं असन असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण मनकर्णा मजेत आहे (माह्यासंग बोलत नाई, पण मजेत आहे). आमचा पोरगा अजय शाळेत जाते. पाणीही यंदा टायमावर आलं. तरी माही रोवणी अडली आन् त्याले, राग मानू नका भाऊ, कारण तुम्ही आहा. दिवाळीले तुम्ही मोठ्या मनानं तो टीव्ही आन् छपरावरची ती छत्री आणून देली नसती, तं आज माह्या बांधीत चिखल झाला असता.

तुम्ही कपाशीवाले, म्हणून धानाचं सांगतो. बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, चिखल केल्याबिगर रोपं रोवता येत नाई, आन् एका बैलानं चिखल होत नाई. माह्यापाशी एक लाल बैल, शेजारच्या दसरूपाशी एक पांढरा. दोघाईची मिळून एक जोडी, आज त्याच्या बांधीत तं उद्या माह्या. आमचे बाप होते तवापासून असंच चालू आहे, कधी अरेले कारे झालं नाई. आता त्या टीव्हीवर संध्याकाळी एक कार्टून लागते. अजय म्हणते जपानचं आहे, पण बोलतात हिंदीत (जपानातले लोक घरी हिंदी बोलतात का, तुम्हाले माईत असन तं कळवा). त्यात दोन निंजा आहेत. निंजा म्हणजे काय, मी विचारलं. तं म्हणे, लपून मारणारा. मंग मी म्हणलो, लपून मारणारा आहे तं चौकात उभा राहून, स्वतःचं नाव ओरडून काऊन मारते? पोट्ट्यानं माह्याकडे असं पाह्यलं का मी उठून बैलाले पाणी पाजाले गेलो.

एकाचं नाव तोराकी, दुसऱ्याचं शिंगेरो. एकाच गुरूचे चेले, आता एकमेकाचे वैरी. काऊन वैरी, हे मले कितीदा समजावून सांगितलं, पण ध्यानात राहत नाई. एक धूर करून गायब होते, दुसरा विजेचा दोर फेकते. दोघाईचंही तोंड फडक्यानं बांधलेलं, त्याच्यानं कोण कोणाले मारून राह्यला हेच मले उमजत नाई. एखादा उडी मारते तं खाली उतरतच नाई. वरच्या वर त्याले लहानपण आठवते, माय आठवते, गुरूनं मारलेली थापड आठवते, आन् तेवढ्यात गाणं लागते. बाकीचं उद्या. उन्हाळ्यापासून हे उद्याच चालू आहे.

दसरूची पोरगी पुनम हे पाहाले आमच्या घरी येते. ती म्हणे शिंगेरो जिंकन, अजय म्हणे तोराकी. लेकरं भांडले तं भांडू द्या. पण एक दिवस पानठेल्यावर दसरू सगळ्याईसमोर म्हणे, "तोराकीत काई दम नाई बावा. धूर सोडून पळते." आता मले काय घेणं होतं? पण माह्या पोराचा निंजा, माह्या घरच्या टीव्हीवरचा! लागलं मले. मी म्हणलो, "तुहा शिंगेरो विजेवर चालते. आमच्या इथी लाईन गेली का काय करन तो?" लोकं पोट धरून हासले. दसरू नाई हासला. हातातला चहा तसाच ठेवला आन् म्हणे, जोवर तू तोराकी हरला म्हणत नाई, तोवर माहा बैल तुह्या जुवाले लागत नाई.

मले वाटलं, सकाळपर्यंत उतरन राग. नाई उतरला. मंग मी गावातल्या कोलूचा हल्या, म्हणजे रेडा, मागून आणला. बैल आन् हल्या एका जुवाले! (हासू नका, अडलेला माणूस काय काय करते.) हल्यानं चिखल पाह्यला, डोळे मिटले आन् आरामात बसला. जू एका बाजूनं वाकलं, माहा लाल बैल गुडघ्यावर आला, आन् मी नांगर धरून मधात उभा. मनकर्णा बांधीच्या मातीच्या पाळीवरून आधी हासली, मंग म्हणे, "अवो, जा ना दसरूभाऊच्या घरी. हरला म्हणा तोराकी. तुमचा कोण लागते तो?" मी तिच्यावरच ओरडलो. तवापासून ती मजेत आहे.

शेवटी प्रकरण गावच्या तंटामुक्तीवाल्याईकडे गेलं. अध्यक्ष बिरजूभाऊ पहिले म्हणे, दोन्ही पार्ट्याईले बोलवा, हा तोराकी राहणारा कुठचा? समजावता समजावता संध्याकाळ झाली. मंग अख्खी समिती निकाल लावाले माह्या घरी टीव्हीपुढे बसली. काय सांगू भाऊ! बिरजूभाऊ शिंगेरोचे झाले आन् सचिव तोराकीचे. आता त्या दोघाईचंही बोलणं बंद आहे, आन् गावातल्या आणखी काई बैलजोड्या सुटल्या. अजय-पुनम मात्र रोज एका सायकलवर शाळेत जातात. मी अजयले म्हणलो, तूच काई तरी मिटव. तं म्हणे, "बाबा, ते कार्टून होय ना."

तिकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जागेवरच वाढून राह्यले. आणखी उशीर झाला तं रोवूनही त्याले फुटवे येणार नाई, मंग वर्षभर खायाचं काय? लाल बैल दिवसभर दसरूच्या गोठ्याकडे तोंड करून उभा राहते. खोटं कायले बोलू, मीही तिकडेच तोंड करून बसतो.

वयनीले नमस्कार, लेकराईले आशीर्वाद. टीव्हीबद्दल मनात काई नाई.

तुमचा,
लटारू

ता. क. : खरं काम आता सांगतो. तुम्ही सिमेंटच्या कारखान्याच्या बाजूले राहता, तुमच्या शब्दाले इकडे वजन आहे. मले एक पत्र पाठवा, मोठ्या अक्षरात, का तुम्ही त्या कार्टूनचं पुढचं सारं पाह्यलं, चार शिकलेल्या माणसाईले विचारलं, आन् शिंगेरोच जिंकते. ते मी पानठेल्यावर वाचून दाखवीन, तोंड पाडीन, आन् मानून घेईन. माह्या तोंडानं ते निघत नाई. साळ्याच्या शब्दापुढे माणसाचं चालत नाई, हे सगळ्याईले समजते.

आणखी ता. क. : पत्र पेटीत टाकाचं राहून गेलं, तेवढ्यात हे झालं. आज सकाळी बांधीवर गेलो तं चिखल चालू! दसरूनं न विचारता माहा लाल बैल सोडून नेला, आपल्या पांढऱ्यासंग जुंपला, आन् स्वतःची बांधी तशीच ठेवून आधी माही धरली. मी म्हणलो, दसरू, हे काय रे? तं म्हणे, "बोलू नको माह्यासंग. भांडण चालू आहे आपलं." मी पाळीवर माती टाकाले लागलो. दिवसभर एक शब्द नाई. दुपारी त्यानं माह्या डब्यातली भाजी खाल्ली, तेही न बोलता.

तं ते पत्र पाठवाच. पहिले बैल पाहिजे म्हणून मागत होतो. आता दसरूले जिंकलेलं पाहाचं आहे. फक्त कारणं जरा दणकट लिहा. मी तं अजूनही मानत नाई.